फीबी लग्नाला आली होती का

रविवार, दिनांक ११ जून २०१७ रोजी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, मिल्टन येथे माझ्या मुलाच्या घरी, चहा आणि चिवडा समोर असताना, मी एकतीस सद्गृहस्थांवर बनावट सह्यांचा आरोप ठेवला. आरोपींपैकी कोणीही हजर नव्हते. त्यांतला शेवटचा वारला त्यालाही शंभराहून अधिक वर्षे झाली असावीत. त्यांच्यापैकी काहींची खापरपणती मात्र माझ्या समोरच्या खुर्चीत बसून चिवड्यातले शेंगदाणे बोटांनी चाचपून वेचत होती.

हा प्रसंग ओढवून घेण्याची पात्रता माझ्या अंगी कशी आली, ते आधी सांगतो. मी सोलापूरच्या तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १९७० साली टोरांटोला आलो. बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात निवृत्तीपर्यंत रेघा मारल्या. माझ्या रेघेवरून बनलेला एकही बॉयलर फुटला नाही, आणि ह्या एवढ्या पुराव्यावर मी आयुष्यभर असे समजत आलो की पद्धतशीर माणसाला कोणतीही गोष्ट वाचता येते. नॉर्थ यॉर्कच्या आमच्या कॉन्डोत मसाल्याच्या डब्यांवरही मी ड्रॉइंगच्या ठाशीव अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या आहेत. माझी पत्नी मंदाकिनी त्या चिठ्ठ्यांकडे न पाहता वासावरून डबा उघडते.

माझी नात गौरांगी हिचे लग्न नेथन ह्या मुलाशी ठरले होते. लग्न ठरवण्याआधी स्थळाची चौकशी करावी अशी आपली पद्धत. गौरांगीने ती संधी कोणालाच दिली नाही. त्यामुळे लग्न ठरून गेल्यावर, आणि तीही १८३४ सालापासून, चौकशी करण्याचे काम जेव्हा अनपेक्षितपणे माझ्याकडे आले, तेव्हा मी ते अधाशासारखे उचलले.

नेथनचे घराणे क्वेकर पंथाचे. त्यांच्या लग्नात भटजी नसतो आणि पाद्रीही नसतो. सगळे जण शांत बसतात, मग वधूवर उभे राहून एकमेकांना वचन देतात, आणि शेवटी एका मोठ्या कागदावर लग्नाला आलेला प्रत्येक माणूस, अगदी सही करण्याइतपत वाढलेले मूलसुद्धा, साक्षीदार म्हणून सही करतो. आपल्याकडे जेवला तो साक्षीदार. त्यांच्याकडे सही केली तो. महिन्यांना आणि वारांना त्यांच्याकडे नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. जून म्हणजे सहावा महिना, रविवार म्हणजे पहिला दिवस. हे मला फार पटले. सुट्या भागांना नंबर देणाऱ्या लोकांशी आपले जमेल, असे वाटले.

काम दिले ते नेथनच्या आजीने. तिचे नाव लॉइस, वय शहाऐंशी, दृष्टी जवळजवळ गेलेली. समोरच्या माणसाचा चेहरा तिला दिसत नाही, फक्त त्याच्या कडा दिसतात. ऑफिसात मी तीस वर्षे 'विश' होतो. ह्या बाईने पहिल्याच भेटीत माझ्या नावाची चारही अक्षरे नीट म्हटली आणि विचारले की तुम्हाला जुने हस्ताक्षर वाचता येते का. मी म्हणालो, येते. वास्तविक माझे वडील मोडी लिहीत आणि मला ती कधीच आली नाही. जुने हस्ताक्षर न वाचता येण्याचा अनुभव मात्र माझ्याइतका थोड्यांना असेल.

लॉइसचा प्रश्न छोटा होता. तिच्या आजीची आजी रॅचेल हिचे लग्न १८३४ साली न्यूमार्केटजवळच्या त्यांच्या सभागृहात झाले. त्याच्या काही वर्षे आधी पंथात फूट पडली होती. रॅचेलची आई फीबी एका गटात, नवऱ्यामुलाचे घर दुसऱ्या गटात. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की फीबी मुलीच्या लग्नाला गेली नाही. ही नुसती जुनी गोष्ट असती तर लॉइसने शहाऐंशीव्या वर्षी ती उकरली नसती. पण १९५३ साली लॉइसने स्वतः लग्न केले ते महायुद्धात लढून आलेल्या एका सैनिकाशी. शस्त्र हाती धरणे क्वेकरांना निषिद्ध. लॉइसची आई त्या लग्नाला आली नाही. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता ती एवढेच म्हणाली होती, "फीबीसुद्धा गेली नव्हती."

लॉइसला फक्त हे हवे होते: फीबी खरोखरच गेली नव्हती का. गौरांगीचे लग्न सप्टेंबरात होते. त्याआधी कळले तर बरे, असे ती म्हणाली, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

नेथनने जुन्या नोंदवहीच्या मायक्रोफिल्मवरून उतरवलेली छायाचित्रे मला आणून दिली. मी शिरस्त्याप्रमाणे सुरुवात केली. ड्रॉइंगला एक चौकट असते. चौकटीच्या आत जे असते ते काम. बाहेर जे असते तो समास, आणि समासातल्या डागांकडे पाहणाऱ्या माणसाच्या हातून काम पुरे होत नाही. म्हणून प्रत्येक छायाचित्राच्या कडा मी प्रथम संगणकावर कातरल्या. वहीच्या शिवणीकडे एक काळपट पट्टा होता. मागच्या पानाची शाई उमटली असावी असे ठरवून तोही उडवला. मग ट्रेसिंग पेपरवर लेखनिकाच्या प्रत्येक अक्षराचा तक्ता केला. दोन एस शेजारी आले की त्यांतला पहिला एफचे सोंग घेतो, हे शोधून काढायला मला पाच दिवस लागले. ही गोष्ट त्या विषयाच्या कोणत्याही पुस्तकात पहिल्याच पानावर असते, हे नंतर कळले.

तक्ता पूर्ण झाला आणि मला धक्का बसला. एकतीसही सह्यांतला प्रत्येक डी एकाच वळणाचा होता. एकाच माणसाने एकतीस जणांच्या सह्या ठोकल्या होत्या. मी मोठ्या कागदावर अहवाल काढला. खाली उजव्या कोपऱ्यात रीतीप्रमाणे चौकोन आखले: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. तिन्हींत माझी सही. मंदाकिनीने तो कागद पाहिला आणि विचारले, "तिन्ही तुम्हीच? मग चूक सापडायची कोणाला?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. ती मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमधून निवृत्त झालेली आहे, त्यामुळे दिसत नाही त्या गोष्टीवर तिचा विश्वास जास्त.

तर त्या रविवारी, चार वाजून वीस मिनिटांनी, मी अहवाल वाचून दाखवला. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. गौरांगी नेथनकडे पाहत होती आणि नेथन चिवड्याकडे. लॉइसने कप बशीत ठेवला आणि ती तशीच बसून राहिली. ही शांतता म्हणजे माझ्या शोधाचे वजन, असे मी समजलो. क्वेकर लोक हसू आवरतानाही शांतच बसतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

"विश्वनाथ," ती शेवटी म्हणाली, "सह्यांचा मूळ कागद नवरानवरी घरी नेत. सभेचा लेखनिक तो आधी वहीत उतरवून घेई. सगळा. सह्यांसकट."

"म्हणजे ही नक्कल आहे?"

"सुरेख नक्कल आहे. तो लेखनिक माझ्या पणजोबांचा मामा होता. फार पापभीरू होता म्हणतात. तुम्ही त्याला आज तुरुंगात घातलेत."

"आजोबा," गौरांगी इंग्रजीतून म्हणाली, "प्लीज, आता कोणालाच अरेस्ट करू नका."

सगळे हसले. मीही हसलो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. पण पदविका घेतलेल्या माणसाला डिग्रीवाल्यांच्या देशात पन्नास वर्षे काढल्यावर हसून सोडून देण्याची कला राहत नाही. काहीतरी एक तरी बरोबर ठरलेच पाहिजे, म्हणून मी घाईने म्हणालो, "नक्कल असो की अस्सल, मूळ प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. एकतीस साक्षीदार आहेत. वधूपित्याची सही सर्वांत वर आहे. शेजारी आईची नाही, खाली कुठेही नाही. फीबी नव्हती."

लग्नपत्रिकेत आपण सौ. व श्री. एका ओळीत छापतो. वडिलांच्या शेजारी आई नाही म्हणजे आई नाहीच, ह्यात मला तीळभर शंका वाटली नव्हती.

हसू थांबले. लॉइसने मान माझ्याकडे वळवली, म्हणजे माझ्या थोडी बाजूला, कारण तिला कडाच दिसतात.

"खात्री आहे?"

"सहा वेळा तपासले."

तिने हातरुमालाची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. "म्हणजे आई खरं बोलत होती," ती म्हणाली, आणि नेथनला तिने कोट आणायला सांगितले.

परतताना हायवेवर मंदाकिनी म्हणाली की त्या बाईला उत्तर हवे होते हे खरे, पण तुम्ही ते चिवड्याबरोबर वाढायला नको होते. मी म्हणालो की सत्य ते सत्य. ती म्हणाली, दिवा घेऊन शोधलेत तरी ह्या वाक्याने सुखी झालेला नवरा सापडायचा नाही.

पुढच्या महिन्यात लॉइसचे बोलावणे आले. लग्न जिथे व्हायचे ते सभागृह पाहून जावे, रविवारच्या सभेलाही बसावे. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

सभागृह म्हणजे शेताच्या कडेला उभी असलेली पांढऱ्या फळ्यांची साधी इमारत. आत बाके, मधोमध एक शेगडी, भिंतीवर काहीही नाही. तीसएक माणसे आली आणि बसली. तासभर कोणी काही बोलत नाही. ज्याला आतून वाटेल त्याने उभे राहून बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि पुन्हा शांतता. मंदाकिनी माझ्या कानाशी म्हणाली, "घोरू नका." तिने डोळे मिटले. माझे डोळे मिटेनात. पन्नास वर्षांत मला एवढा वेळ कोणी काही न करता बसवले नव्हते.

म्हणून मी इमारत वाचू लागलो. माणसे मला वाचता येत नाहीत, पण इमारतीशी माझे जमते. छताचा भार पेलणाऱ्या लाकडी कैच्या हाताने तासलेल्या. दारे दोन, एकाच भिंतीत, एकमेकांपासून चार पावलांवर, दोन्ही एकाच मापाची. एवढ्याशा सभागृहाला दोन सारखी दारे कशाला? मग मला जमिनीत मधोमध एक लाकडी खोबण दिसली आणि तिच्या बरोबर वर, छतालगत, उचलून अडकवलेल्या फळ्यांची ओळ. दोन्ही टोकांना कप्प्या, दोरासाठी. सरकते पार्टिशन होते ते. दोर सैल सोडला की फळ्या खाली येणार आणि एका सभागृहाची दोन होणार. एका दाराने पुरुष येणार, दुसऱ्याने बायका. पुरुष ह्या बाजूला बसणार, बायका त्या बाजूला.

आणि सह्या करायची वेळ आली की?

वडिलांच्या शेजारी आई नसणारच होती. वडिलांची बाजू वेगळी, आईची वेगळी. कागदावरही तसेच असणार. वहीच्या शिवणीजवळचा तो काळपट पट्टा मी डाग म्हणून कातरला होता. आणि जे उरले त्यात बायका आहेत असे मी कशावरून मानले? आसा, आयरा, एझ्रा, एलिशा, इझाया. शेवटी आ आला की बाई, ह्या बालवाडीतल्या ज्ञानावर मी पाच स्त्रिया मोजल्या होत्या आणि आयरा हे नाव मला विशेष गोड वाटले होते.

ह्यापुढचे मी केले असे म्हणवत नाही, ते झाले. मी उभा राहिलो. मंदाकिनीने माझा कोट धरला, पण उशिरा. तीस डोकी स्तब्ध होती. मी इंग्रजीतून, ड्रॉइंग ऑफिसातल्या आवाजात, म्हणालो, "ती आली होती. ती दुसऱ्या बाजूला बसली होती. मी इतके दिवस भलत्याच बाजूला पाहत राहिलो."

आणि खाली बसलो.

कोणी वळून पाहिले नाही. शांतता होती तशी पुन्हा जमली, जरा जास्त दाट. पुढच्या बाकावर लॉइसचे दोन्ही हात काठीवर होते. त्यांतला वरचा हात तिने हळूच खालच्यावर घट्ट केला. सभा संपल्यावर एक उंच, वाकलेले गृहस्थ माझ्यापाशी आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सांगितले की त्यांची पत्नी मार्च महिन्यात गेली, आणि आज जे ऐकण्याची त्यांना गरज होती नेमके तेच मी बोललो. मायक्रोफिल्मच्या समासाविषयी त्यांना काही सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी नमस्कार केला. मंदाकिनी गाडीपर्यंत कशीबशी गंभीर राहिली.

गाडीपाशी लॉइस वाट पाहत होती. मी दारे, खोबण, कप्प्या, पट्टा, सगळे क्रमाने सांगितले. पाच बायकांविषयीही सांगितले.

"आसा?" ती म्हणाली. "आसाचा एक फोटो आमच्याकडे होता. त्याची दाढी पोटापर्यंत होती."

मी म्हणालो की मी तिची क्षमा मागतो, आणि आसाचीही.

"क्षमा नंतर," ती म्हणाली. "फीबीचं नाव तुम्ही पाहिलंत?"

"अजून नाही."

"आमच्यात मुलांना शिकवतात, नक्की ठाऊक नसेल तर उभं राहायचं नाही." मग काठी दुसऱ्या हातात घेत, "बरं झालं तुम्हाला कोणी शिकवलं नाही."

घरी येऊन पाहतो तो छायाचित्रे कातरून मी त्याच नावाने साठवलेली, म्हणजे मूळ गेलेले. नेथनकडच्या प्रतीत पट्टा होता, पण वही नीट न उघडताच फिल्म काढलेली, शिवणीत सावली. सावलीत काहीतरी लिहिलेले आहे इतपतच कळत होते. म्हणजे अस्सल वही पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हते. पंथाच्या दप्तरखान्यात त्यासाठी वेळ घ्यावा लागला. ते तीन आठवडे मी घरात कोणताही निष्कर्ष काढला नाही. मंदाकिनीने विचारले की ताप आहे का.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी आम्ही तिघे तिथे पोहोचलो: लॉइस, मंदाकिनी आणि मी. तिथल्या बाईंनी वही स्पंजच्या दोन उतरत्या उशांवर ठेवली, म्हणजे तिच्या पाठीवर ताण येऊ नये, आणि पान शक्य तेवढे उघडले. मी भिंग घेतले. नाव नसते तर मी भर सभेत उभे राहून एका म्हातारीला दुसऱ्यांदा फसवले असते, आणि ह्या खेपेस तिच्या देवासमोर.

डावीकडे माझे एकतीस पुरुष होते, ऐसपैस, हात पसरून बसल्यासारखे. उजवीकडे, शिवणीला खेटून, त्याच लेखनिकाने बारीक अक्षरांत दुसरी रांग लावली होती. जागा कमी पडल्यावर बायकांच्या वाट्याला जेवढी येते तेवढीच. वधूवरांच्या नावांखाली, पुरुषांच्या रांगेत ज्या ओळीवर वधूपिता होता, नेमक्या त्याच ओळीवर, बायकांच्या रांगेतले पहिले नाव होते.

मी ते मनात वाचले. पुन्हा वाचले. मग भिंग मंदाकिनीच्या हातात दिले. "तपासणारा," मी म्हणालो.

तिने वाकून पाहिले आणि माझ्याकडे न बघता लॉइसच्या खांद्यावर हात ठेवला. "फीबी," ती म्हणाली. "अगदी वर. पहिली."

लॉइसने मला सगळी नावे वाचायला सांगितले. मी सावकाश, एकेक करून वाचली. कुठे अडलो तर ती ओठांतल्या ओठांत पुरवत होती. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या आडनावांची मुले तिने लहानपणी शेजारी पाहिली होती. वाचून संपल्यावर तिने चष्मा काढून पुसला. त्याचा तिला काहीच उपयोग नव्हता.

"म्हणजे आईला येता आलं असतं," ती म्हणाली.

मंदाकिनीने भिंग अलगद टेबलावर ठेवले.

"चौसष्ट वर्षं मी फीबीवर रागावले होते," लॉइस पुढे म्हणाली. "बिचारी. उगाच. आता आईवर नीट रागावता येईल." आणि मग ती हसू लागली, आवाज न करता, क्वेकर पद्धतीने, आणि हसता हसता तिने मंदाकिनीचा हात धरला तो वही कपाटात परत जाईपर्यंत सोडला नाही.

गौरांगीचे लग्न सप्टेंबरात, त्याच सभागृहात झाले. पार्टिशन वरच अडकवलेले होते. आता कोणी ते खाली घेत नाही. सह्यांच्या कागदावर सगळे मिसळून सह्या करत होते. मी मात्र आधी कागदाची चौकट पाहिली, मग समास पाहिला, मग मागची बाजू पाहिली, तोपर्यंत माझ्यामागे रांग लागली आणि गौरांगी म्हणाली, "आजोबा, जस्ट साइन." लॉइसचा हात नेथनने धरून योग्य जागी टेकवला. तिने मोठ्या, तिरक्या अक्षरांत सही केली आणि ती कुठे पडली हे मला विचारले. मी सांगितले, अगदी वर.

माझा अहवाल मी दुरुस्त करून लॉइसला पाठवला. तिला तो दिसणार नाही, पण नेथन वाचून दाखवेल. कोपऱ्यातल्या चौकोनांत काढणारा मीच आहे; तपासणारी मंदाकिनी आहे; मंजूर करणाऱ्याची जागा लॉइससाठी मोकळी सोडली. 'वधूमाता: गैरहजर' ही ओळ खोडलेली आहे. आणि तळाशी, जिथे आधी एकतीस लिहिले होते तिथे, दुरुस्त आकडा आहे.

साक्षीदार: एकोणसाठ.